घोटा आत कलतो म्हणजे नेमकं काय होतं? ओव्हरप्रोनेशन असलेल्या नवख्यांसाठी

पावसाळा सरत आला की बुटांच्या दुकानांत नवी गर्दी दिसू लागते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला किंवा गावातल्याच एखाद्या १० किलोमीटरच्या शर्यतीला नाव नोंदवलेलं असतं आणि पहिली खरेदी अर्थातच बुटांची. दुकानातला मुलगा ट्रेडमिलवर दोन मिनिटं पळवतो, मागून काढलेला व्हिडिओ मध्येच थांबवतो आणि म्हणतो, "सर, तुमचे घोटे आत जातायत. ओव्हरप्रोनेशन आहे. तुम्हाला सपोर्टवाला बूट लागेल." तो बूट साध्या बुटापेक्षा हमखास महाग असतो. घरी पोचेपर्यंत आपल्या पायात काहीतरी खोट आहे अशी माणसाची पक्की समजूत झालेली असते.

हा लेख त्या माणसासाठी आहे. चपला नेहमी आतल्या बाजूनेच झिजतात म्हणून वैतागलेल्या काकूंसाठी आहे, आणि मुलाचे तळवे सपाट दिसतात म्हणून काळजीत पडलेल्या आईवडिलांसाठीही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: पाय आत कलणं हा आजार नाही. पाय दुखतोय का, आणि तो पूर्वीपेक्षा बदलत चाललाय का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. व्हिडिओत घोटा किती अंश वाकलेला दिसला, यावर फार थोडं ठरतं.

पायरी १: पाय आत का कलतो ते समजून घ्या

चालताना टाच आधी बाहेरच्या कडेवर टेकते. मग वजन पुढे सरकतं, टाच किंचित आत झुकते, पायाची कमान थोडी खाली बसते आणि पाऊल सैल पडतं. या सैलपणामुळेच हादरा जिरतो आणि खडबडीत रस्त्याशी पाऊल जुळवून घेतं. याच हालचालीला प्रोनेशन म्हणतात. ती प्रत्येकाच्या पायात होते आणि व्हायलाच हवी. पाय जराही आत कलला नाही तर उलट हादरे थेट नडगीत आणि गुडघ्यात जातात.

पुढचा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा. टाच उचलली जाते, अंगठा मागे वाकतो आणि टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात पसरलेला जाड पडदा, म्हणजे प्लांटर फॅशिया, अंगठ्याच्या सांध्याभोवती ताणला जातो. रहाटावर दोर गुंडाळला की बादली वर येते, तशी त्या ताणाने कमान वर उचलली जाते आणि सैल पडलेलं पाऊल पुन्हा कडक होतं. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली ही यंत्रणा मांडली. त्या कडक पावलावर जोर देऊन आपण पुढे जातो.

ओव्हरप्रोनेशनमध्ये आत कलणं प्रमाणाबाहेर होतं, किंवा पाऊल कडक व्हायच्या वेळीही ते आतच पडून राहतं. मग कमान धरून ठेवायचं काम पोटरीच्या खोल भागातून निघून आतल्या घोट्यामागून तळव्यात येणाऱ्या टिबिआलिस पोस्टेरिअर या स्नायूवर आणि त्याला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरेवर जास्त पडतं. पाऊल आत वळलं की नडगीही आत फिरते, आणि तिच्यामागोमाग गुडघा. आतल्या घोट्याखाली, नडगीच्या आतल्या कडेला, टाचेत किंवा गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणं येऊ शकतं ते यामुळे. 'येऊ शकतं' असंच म्हणतो, कारण असे पाय घेऊन आयुष्यभर शेतात राबलेली, आळंदीहून पंढरपूरची वारी दरवर्षी पायी करणारी माणसं कमी नाहीत.

कारणं बरीच असतात. काहींचे सांधे जन्मतःच लवचिक असतात, काहींच्या घरातच तसे पाय असतात. पोटरी आखडलेली असेल तर घोटा पुढे वाकत नाही आणि शरीर ती कसर कमान पाडून भरून काढतं. वजन वाढणं, गरोदरपण, आत वळलेले गुडघे, नितंबाच्या बाहेरच्या बाजूचे कमकुवत स्नायू, ही सगळी त्यात भर घालतात.

पायरी २: घरी तपासा

यासाठी ट्रेडमिल लागत नाही. थोडं पाणी, कोरडी फरशी, मोबाइल आणि भिंत पुरे.

सर्वात सोपी ती ओल्या पावलाची चाचणी. पाय ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर टाका. नव्या सुनेची कुंकवाची पावलं आठवा: मधला भाग कोरा राहून टाच आणि चवडा एका अरुंद पट्टीने जोडलेले असतात. मधला भाग पूर्ण भरून उमटला तर कमान खाली आहे. पण या चाचणीवर फार विसंबू नका. ती उभ्या पायाचं चित्र देते, चालत्या पायाचं नाही, आणि तळव्याला मांस जास्त असलं तरी ठसा भरलेला दिसतो.

त्यापेक्षा मागून काढलेला फोटो उपयोगी. गुडघ्यापर्यंत पाय उघडे ठेवून नेहमीसारखे उभे राहा आणि घरातल्या कोणाला तरी मोबाइल जमिनीलगत धरून मागून फोटो काढायला सांगा. टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीसची कंडरा, सरळ खाली उतरते की टाचेपाशी बाहेर वळते ते पाहा. बाहेरच्या बाजूने किती बोटं डोकावतात तेही पाहा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दिसणं साधारण आहे. तीन-चार बोटं दिसत असतील, आणि तीही एकाच पायाची, तर ती गोष्ट लक्षात ठेवा.

आता टाचा उचलून चवड्यांवर उभे राहा. कमान वर आली आणि टाचा आत वळल्या तर तुमचा सपाटपणा लवचिक आहे. बहुतेकांचा तसाच असतो आणि त्याची फार चिंता नसते. चवड्यांवर उभं राहूनही पाय पाटीसारखाच राहिला तर तो ताठर. त्याला डॉक्टरांनीच पाहायला हवं. मग भिंतीला बोटं टेकून, एकाच पायावर टाच उचलून पाहा. सलग दहा वेळा जमतं का? एका पायावर जमतं आणि दुसऱ्यावर टाच उचलतच नाही, किंवा उचलताना आतल्या घोट्यामागे कळ येते, तर संशय थेट टिबिआलिस पोस्टेरिअरच्या कंडरेवर जातो. माझ्या मते घरी करता येण्याजोग्या चाचण्यांत हीच सर्वात जास्त सांगून जाते. दुकानात मात्र ती कोणी करून घेत नाही.

आकड्यांची हौस असेल तर आणखी एक. आतल्या घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली एक हाडाचा उंचवटा बोटाला लागतो, ते नॅव्हिक्युलर हाड. खुर्चीवर बसून, पाय जमिनीवर टेकवून त्या उंचवट्यावर पेनाने खूण करा. पायाशेजारी पुठ्ठा उभा धरून त्यावर खुणेची उंची नोंदवा. मग दोन्ही पायांवर उभे राहा आणि पुन्हा नोंदवा. फरक १० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो जास्त मानण्याचा प्रघात आहे. खूण करताना हात हलला तर दोन-तीन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात, म्हणून तीनदा मोजा.

बुटांच्या झिजण्यावरून अंदाज काढताना बरेच जण फसतात. टाचेची बाहेरची कड झिजणं हे अगदी नेहमीचं आहे. त्यावरून 'माझा पाय बाहेर कलतो' असं ठरवू नका. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा: तो आत झुकलाय का? तळ अंगठ्याच्या बुडाखाली जास्त झिजलाय का? या खुणा जास्त विश्वासाच्या.

पोटरी तपासायला अस्सल देशी चाचणी आहे. उकिडवे बसा. टाचा जमिनीला टेकतात का? टेकत असतील तर घोटे आत पडूनच टेकतात का? पूर्वी रोज सकाळी आपोआप होणारी ही परीक्षा कमोडने बंद केली. दुसरा उपाय भिंतीचा: अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावता येतो का पाहा. येत नसेल तर घोटा आणि पोटरी आखडलेली आहे आणि तुमच्या व्यायामाची सुरुवात तिथूनच होणार आहे.

पायरी ३: काही करायची गरज आहे का ते ठरवा

पाय आत कलतो, पण दुखत नाही, लहानपणापासून असाच आहे आणि दोन्ही पाय सारखेच आहेत? मग काही करू नका. खरंच.

हे मी उगाच धीर देण्यासाठी म्हणत नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहिलं गेलं आणि तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पाय आत कलणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त दुखापती झाल्या नाहीत. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन यांच्या प्रशिक्षणार्थींना तळव्याचा आकार पाहून बूट वाटण्यात आले तेव्हाही दुखापती कमी झाल्या नाहीत. चित्र एकतर्फी मात्र नाही. लक्झेंबर्गमध्ये ३७२ धावपटूंवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधार देणाऱ्या बुटांनी दुखापती कमी झाल्या, आणि हा फायदा मुख्यतः आत कलणाऱ्या पायांना झाला. मी यातून एवढंच घेतो: सपोर्टवाल्या बुटाने काहींना मदत होते, पण न दुखणाऱ्या पायाला तो सक्तीचा करण्याइतका पुरावा नाही.

थोडंफार दुखतं, पळल्यावर किंवा दिवसभर ओट्याशी उभं राहिल्यावर दुखतं, रात्री विश्रांतीने बरं वाटतं, अशांसाठी पुढच्या दोन पायऱ्या आहेत.

आणि काहींनी व्यायामाच्या फंदात न पडता आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. एकच पाय गेल्या काही महिन्यांत सपाट होत गेलाय, आतल्या घोट्यामागे सूज आहे, एका पायावर टाच उचलत नाही: हे चाळिशीच्या पुढे, विशेषतः स्त्रियांत, आणि वजन किंवा मधुमेह असेल तर जास्त दिसतं. कंडरा हळूहळू निकामी होत असते. वेळेत आधार दिला तर बरंच वाचतं, उशीर झाला तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं. "वय झालं की पाय पसरतात" म्हणून हे दुखणं घरोघरी अंगावर काढलं जातं, ते थांबायला हवं.

मधुमेह असलेल्यांसाठी एक वेगळा इशारा. पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेलं झालं, आकार बदलल्यासारखा वाटला आणि त्या मानाने दुखणं कमी असलं, तर त्यावर चालू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शार्को फूट या विकारात बधिर पायातली हाडं नकळत मोडत जातात. दुखत नाही म्हणूनच तो जास्त घातक.

पायरी ४: व्यायाम

आठवड्यातून तीन-चार दिवस, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात. स्नायू बळकट व्हायला तेवढा काळ लागतोच, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

पोटरी ताणण्यापासून सुरुवात करा. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ. ३० सेकंद, तीनदा. मग तोच प्रकार मागचा गुडघा किंचित वाकवून करा, त्याने पोटरीचा खालचा खोल भाग ताणला जातो. आत कलणाऱ्या पायांची खरी गोम अशी की मागचं पाऊल बाहेर वळतं, कमान पडते आणि पोटरीऐवजी कमानच ताणली जाते. म्हणून बोटं सरळ भिंतीकडे ठेवा आणि वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर थोडं जास्त घ्या. तेवढ्यानेही कमान धरून राहत नसेल तर आतल्या बाजूला घडी केलेला नॅपकिन सरकवा.

दुसरा व्यायाम तळव्याच्या छोट्या स्नायूंचा. फिजिओथेरपिस्ट त्याला शॉर्ट फूट म्हणतात. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर टेकवा. बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढायचा प्रयत्न करा, म्हणजे पाऊल आखूड होईल आणि कमान वर येईल. पाच-सहा सेकंद धरा, सोडा, दहा वेळा करा. सुरुवातीला काहीच हलत नाही, नुसती बोटं वाकडी होतात आणि तळव्याला पेटके येतात. अंगठा हाताने हलकेच दाबून ठेवला तर लवकर जमतं. बसून जमलं की उभ्याने, मग एका पायावर. टीव्ही पाहताना, लोकलची वाट पाहताना, बुटाच्या आतही हे करता येतं. कोणाला कळतही नाही.

तिसरा, आणि एकच करायचा असेल तर हाच: टाचा उचलणं. दोन्ही टाचांच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरा आणि तो दाबत चवड्यांवर या. चेंडू धरून ठेवायचा म्हणजे टाचा आत वळवाव्या लागतात, आणि ते काम टिबिआलिस पोस्टेरिअरचं. दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. दहा-बाराचे तीन संच. सोपं वाटू लागलं की एका पायावर, मग जिन्याच्या पायरीच्या कडेवर, टाच पायरीच्या खाली उतरवत. खाली येताना घाई केली की अर्धा फायदा गेला.

चौथा कंबरेजवळचा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवत, किंचित मागे नेऊन उचला. बाराचे दोन-तीन संच. पायाच्या तक्रारीला नितंबाचा व्यायाम कशाला असं वाटेल, पण मांडी आत फिरत असेल तर खालचं पाऊल एकटं किती सावरणार?

शेवटी एका पायावर उभं राहणं, ३० सेकंद. दात घासताना करा.

व्यायामानंतर स्नायू दुखले तर चालतं. कंडरेत किंवा हाडात कळ आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिली तर निम्म्यावर या.

पायरी ५: पादत्राणं आणि इनसोल

नवा बूट हातात घेऊन तीन गोष्टी पाहा. टाचेमागची बाजू अंगठ्याने दाबा, ती सहज चेपली जाऊ नये. बूट पुढून वाकवा, तो बोटांच्या जागी वाकावा, मध्यात नाही. ओला टॉवेल पिळतात तसा पिळून पाहा, तो सहज पिळला जाऊ नये. खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा आणि दुकानात पळून पाहा. दोन बुटांत अडलात तर ज्यात पाय जास्त सुखावतो तो घ्या.

चपलांचं काय? जुनी, सैल झालेली हवाई चप्पल दुखऱ्या पायाला सर्वात वाईट, कारण ती पायात टिकवायला बोटं सतत मुडपावी लागतात. कोल्हापुरी लग्नकार्यात बिनधास्त घाला. पण तिचा तळ सपाट आणि कडक, टाचेला मागून आधार नाही, म्हणून दुखणं चालू असताना बाजारभर फिरायला नको. मागे पट्टा असलेली, कमानीखाली थोडा उंचवटा असलेली सँडल त्यापेक्षा बरी. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर उभं राहून पाय दुखत असतील तर घरात वापरायला अशीच एक वेगळी जोडी ठेवा. पाय दुखत नसेल तर घरात अनवाणी चालायला हरकत नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी मात्र घरातही अनवाणी चालू नये.

इनसोल, म्हणजे बुटात घालायचे आधाराचे तळ, तयार मिळतात काही शे रुपयांत, आणि मापाने बनवून घेतले तर काही हजार लागतात. पहिल्यांदा तयारच घ्या. दुखण्यापुरता आधार म्हणून ते बऱ्याच जणांना पुरतात. नवा इनसोल पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि रोज थोडा थोडा वेळ वाढवा. दीड-दोन महिन्यांत काहीच फरक नसेल तर मापाच्या इनसोलचा विचार तज्ज्ञाला विचारून करा. इनसोल घालून कमान कायमची तयार होत नाही. चष्मा काढला की अक्षरं पुन्हा पुसट, तसं हेही. अंगठ्याला फोड किंवा तळव्याला टोचणी येत असेल तर सहन करत बसू नका.

पायरी ६: अंतर हळूहळू वाढवा

नवख्या धावपटूच्या नडगीचं दुखणं बहुतेक वेळा पाय कलण्यापेक्षा घाईमुळे येतं. पहिल्याच महिन्यात रोज पाच किलोमीटर, रविवारी दहा, आणि मग खापर पावलांवर फुटतं. एक दिवस पळा, एक दिवस सोडा. सुरुवात पळणं-चालणं आलटून पालटून करा. बूट, अंतर आणि चढ या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात बदलू नका. वारीला पहिल्यांदा जाणाऱ्यांनाही हेच लागू: अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट नव्याकोऱ्या चपलांनी चालायला निघू नये. त्या महिनाभर आधीपासून पायात मुरवाव्या.

मुलांचे सपाट पाय

चालायला लागलेल्या जवळपास सगळ्याच मुलांचे तळवे सपाट दिसतात. कमानीच्या जागी चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. पहिल्या दहा वर्षांत कमान हळूहळू आकार घेते. मूल पळतंय, खेळतंय, पाय दुखत नाहीत आणि चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसते, तर महागडे 'सुधारक' बूट घेऊ नका. अमेरिकेत तीन वर्षं असे बूट आणि इनसोल देऊन पाहिले. १९८९ साली आलेल्या त्या निष्कर्षांनुसार न वापरणाऱ्या मुलांपेक्षा काही वेगळं घडलं नाही.

भारतातलाच एक अभ्यास यापेक्षा बोलका आहे. राव आणि जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली निष्कर्ष मांडले. पादत्राणं वापरणाऱ्यांत ८.६ टक्के मुलांचे पाय सपाट होते, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वात जास्त होतं, सँडल-चपलांत त्याहून कमी. तेव्हा शाळेतून आल्यावर बूट काढून मुलांना अंगणात, मातीत, वाळूत खेळू द्या. काच-खिळे पाहून, अर्थात. मात्र एकच पाय सपाट असणं, पाय ताठर असणं, आठ-दहा वर्षांनंतर खेळताना सतत दुखणं किंवा वारंवार पाय मुरगळणं, यातलं काही असेल तर बालअस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

सैन्य किंवा पोलीस भरतीच्या मैदानावर सपाट पायाचा धसका मोठा असतो. सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेच्या अधिसूचनेतल्या वैद्यकीय निकषांत असं कलम आलेलं आहे की चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट पळू आणि उड्या मारू शकत असेल आणि पाय लवचिक व वेदनारहित असतील, तर तो चालतो. प्रत्येक दलाचे आणि पदाचे निकष वेगळे असतात आणि बदलतात, म्हणून चालू जाहिरातीतला मजकूर स्वतः वाचा. "पंधरा दिवसांत कमान तयार" म्हणून बाटलीवर पाय फिरवायला लावणाऱ्यांना पैसे देऊ नका. त्याने तळवा मोकळा होईल, हाडांची ठेवण बदलणार नाही. भरतीच्या बऱ्याच आधी, शक्यतो अकरावी-बारावीतच, अस्थिरोगतज्ज्ञाकडून पाय लवचिक आहे की ताठर एवढं लिहून घ्या, म्हणजे कुठल्या पदासाठी वर्षं घालवायची ते वेळेत ठरवता येईल.

तज्ज्ञाकडे जाताना रोज वापरातले जुने बूट किंवा चपला पिशवीत घालून न्या, मागून काढलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि गुडघ्यापर्यंत सहज वर करता येईल अशी पँट घाला. तुम्हाला नुसतं झोपवून तपासलं गेलं तर उभं राहून आणि चालूनही दाखवा. सपाट पाय उभ्यानेच नीट कळतो.